आधी सिम, मग फोन

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या होस्टेलला जाताना नवा फोन हवा, हे मान्य. पण दुकानात जायची घाई करू नकोस. तुझ्या खोलीत कुठल्या कंपनीची रेंज येते ते आधी बघ आणि त्यावरून फोन ठरव. नाहीतर चांगला महागाचा फोन घेऊनही बोलायला गच्चीवर जावं लागेल.

कोकणात जांभ्याच्या भिंती जाड आणि मध्ये टेकड्या. सिग्नल ज्या रेडिओ लहरींवरून येतो त्यातल्या २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी मोकळ्यावर भरपूर वेग देतात, भिंतीपाशी मात्र अडतात. ७००, ८५०, ९०० च्या लहरी आतपर्यंत पोचतात. म्हणून गेटवर फाइव्ह-जी आणि कॉटवर साधा फोनही लागत नाही, असं होतं.

रेंजच्या काड्यांवर जाऊ नकोस, प्रत्येक फोन त्या आपापल्या हिशोबाने दाखवतो. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस उघड. तिथे सिग्नलच्या ताकदीचा आकडा डीबीएम या एककात असतो आणि तो उणे असतो. उणे ९० च्या आसपास उत्तम, उणे १०५ पर्यंत चालेल, उणे ११५ च्या खाली गेला की बोलणं तुटणार. रेंज कमी असली की टॉवर गाठायला फोन जास्त ताकद लावतो, त्यामुळे तो तापतो आणि चार्जिंग दुपारीच संपतं. लोक उगाच बॅटरीला दोष देतात.

हा आकडा जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया, बीएसएनएल, ज्या मैत्रिणीकडे जे असेल त्या सिमवर बघ. आपल्याच खोलीत, दार लावून, रात्री नऊनंतर. त्या वेळी सगळं होस्टेल व्हिडिओ बघत असतं. आकडा उणे ८५ आहे आणि तरी पान उघडत नाही, तर ती टॉवरवरची गर्दी समज. तिथे फोन बदलून उपयोग नाही, कंपनीच बदलावी लागते. होस्टेलचं वायफाय बरं असेल तर वायफाय कॉलिंगने, म्हणजे वायफायवरूनच साधा फोन लावून, खूप काम भागतं. फक्त तुझ्या फोनवर तुझी कंपनी ती सोय देते का, हे घ्यायच्या आधी विचार.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर इंग्रजीत पोर्ट लिहून, एक जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० वर मेसेज करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चारच दिवस चालतो. कोड हातात आला की लगेच दुकानात जा. मोबाइल सेवेसाठी देशाचे विभाग केलेत, त्यांना सर्कल म्हणतात. आपला नंबर मुंबई सर्कलचा आहे, रत्नागिरी महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येते. इथूनच पोर्ट केलास तर कामाचे तीन दिवस, तिकडच्या सर्कलमध्ये नेलास तर पाच. रोमिंगचे वेगळे पैसे आता लागत नाहीत, त्यामुळे आकडे बघून कंपनी ठरली की घरी आल्यावर इथूनच कर. आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतील किंवा सिम बदलून सात दिवस झालेले नसतील, तर कोड मिळत नाही. जुना बॅलन्सही नव्या कंपनीत येत नाही, म्हणून रिचार्ज संपत आला की मगच पोर्ट कर.

दुकानात अंगठा किंवा फोटो एकदाच दे. ‘झालं नाही, परत द्या’ म्हणाले तर पहिला प्रयत्न का फसला ते स्क्रीनवर दाखवायला सांग. अशाच दुसऱ्या अंगठ्यावर भलतंच सिम तुझ्या नावावर निघू शकतं. महिन्याभराने संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुझ्या नावावर किती नंबर आहेत ते तपास.

प्लॅनमध्ये २८ दिवस म्हणजे महिना नव्हे, वर्षाला १३ रिचार्ज होतात. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२२ च्या नियमामुळे प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवावाच लागतो. तो मागून घे आणि रोजचा दर काढून ताडून बघ.

आता फोन. आठ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, ५००० एमएएचची बॅटरी, एवढं तुला पुरे. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर पैसे घालू नकोस, त्यापेक्षा बँडची, म्हणजे फोन पकडू शकतो त्या लहरींच्या पट्ट्यांच्या क्रमांकांची, यादी बघ. ती फोनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर असते. फोर-जीत ३, ५, ८, ४० हवेत, बीएसएनएल घेणार असशील तर १ आणि २८ सुद्धा. फाइव्ह-जीत एन ७८ हवाच आणि जिओसाठी एन २८, कारण ७०० मेगाहर्ट्झचा तो बँडच भिंतीतून आत येतो. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार तेही बघ. ती वर्षं बहुतेक वेळा फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तू घेतल्यापासून नाही. सेलमध्ये स्वस्त दिसणाऱ्या दोन वर्षं जुन्या मॉडेलची तेवढी वर्षं आधीच गेलेली असतात.

वापरलेला फोन घेणार असशील तर *#०६# दाबून येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलाशी जुळव. मग इंग्रजीत के-वाय-एम, एक जागा सोडून तो आकडा, असा मेसेज १४४२२ वर कर. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळतं. विकणाऱ्याला त्याचं गुगल खातं तुझ्यासमोर काढायला लाव आणि मगच रीसेट करून घे. नाहीतर रीसेटनंतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो.

पहिल्या रात्री ज्या ज्या सिमचा आकडा बघशील तो मला कळव, सकाळी आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
आई