सहाचा आकडा कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला ‘स्तनाचा कर्करोग आपोआप बरा होतो तेव्हा’ हा लेख वाचल्यापासून मला चैन नाही. मी 30 वर्षांहून अधिक काळ यवतमाळ जिल्ह्यात आरोग्यसेविका होते. तुमचं दैनिक आमच्या गावात ग्रामपंचायतीत येतं आणि पुरवणी बाया घरी नेऊन वाचतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

लेखातला इतिहास खोटा आहे असं मी म्हणत नाही. एव्हरसन आणि कोल या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी कर्करोग आपोआप ओसरल्याच्या 1900 पासूनच्या नोंदी चाळून 1966 साली पुस्तक काढलं, हे खरं आहे. पण इतकं चाळून त्यांच्या कसोटीला उतरलेल्या नोंदी किती, तर सगळ्या प्रकारचे कर्करोग मिळून 176. त्यात स्तनाच्या 6. हा सहाचा आकडा लेखात कुठेच नाही. शिवाय गाठ ओसरणं म्हणजे रोग बरा होणं नव्हे, हे त्यांनीच स्पष्ट केलं होतं. गाठ पूर्ण न जाता नुसती लहान झाली, तरी ती नोंद त्यांनी धरली होती. आणि तुम्ही मथळ्यात ‘बरा होतो’ छापलंत!

माझ्या थोरल्या जाऊबाईंना वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं उचलताना काखेजवळ गाठ लागली. लिंबाएवढी. मी तपासून लगेच जिल्ह्याला चला म्हटलं. त्या म्हणाल्या, “दुखत नाई नं, मंग कायले जाव दवाखान्यात?” शेजारच्या गावातल्या एका बाईची गाठ लेपानं जिरली, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ती बाई ओली बाळंतीण होती. दूध साचून झालेली तिची गाठ जिरणारच होती, त्या गाठीचा तुकडा काढून कुणी तपासला नव्हता. हे मी घरात परोपरीनं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “तुहं शिक्षण तुह्यापाशी ठेव.”

दिवाळीची गाठ पोळ्यापर्यंत घरातच राहिली. तोवर कातडी आत ओढली गेली होती, स्तनाग्र आत वळलं होतं. चोळी ओली होऊ नये म्हणून जाऊबाई जुन्या धोतराची घडी आत ठेवायच्या आणि ती रात्री, सगळे झोपल्यावर, धुवायच्या. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा रोग हाडांत उतरला होता. त्या पुढची वेचणी त्यांनी पाहिली नाही.

उपचार न झालेल्या बायकांचाही इतिहास आहे, संपादक महाशय. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात 1805 ते 1933 या काळात स्तनाच्या कर्करोगावर उपचार न झालेल्या 250 बायकांची नोंद 1962 साली प्रसिद्ध झाली. लक्षणं सुरू झाल्यापासून 2.7 वर्षांत त्यातल्या निम्म्या गेल्या होत्या. तुमच्या लेखकाला सहाजणी दिसल्या, या अडीचशे का दिसल्या नाहीत?

नॉर्वेच्या 2008 च्या अभ्यासाचा दाखलाही लेखात अर्धाच आहे. तो अभ्यास मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, सापडणाऱ्या कर्करोगांवरचा. वारंवार तपासणी झालेल्या बायकांमध्ये, शेवटी एकदाच तपासणी झालेल्यांपेक्षा, 22 टक्के जास्त कर्करोग सापडले, म्हणून त्यातले काही एरवी ओसरले असते असा अंदाज संशोधकांनी बांधला. त्यावरही वाद आहेच. कुणाच्या छातीतली गाठ विरघळताना त्यांनी पाहिली नव्हती. आमच्याकडे बाई दाखवायला येते तीच मुळात गाठ हाताला लागल्यावर.

जागा होतीच, तर मुंबईचं काम छापायचं होतं. टाटा रुग्णालयाने 1998 पासून 20 वर्षं दीड लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तर रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, मोठा खर्च नाही. आमच्या आशाताई तिशीपुढच्या प्रत्येक बाईचा फॉर्म भरतात, त्यात छातीत गाठ आहे का हा प्रश्न असतो. बाया लाजून ‘नाही’ सांगतात. आता तर ‘जिरते म्हणे, पेपरात आलं’ असं सांगतील. काल एकीने मला मोबाइलवर त्या लेखाचा फोटो दाखवलाही.

आणखी एक. त्याच पानावर खाली ‘कोणतीही गाठ विनाऑपरेशन’ अशी जाहिरात आहे, फोन नंबरासकट. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. जाहिरातदाराने कर्करोग हा शब्द टाळला आहे, पण वर तुमचा लेख असताना वाचणाऱ्या बाईला त्यातून काय समजायचं? ही जाहिरात बंद करा. आणि 6 व 250 हे दोन्ही आकडे येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या मथळ्याखाली छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. आर्णी, जि. यवतमाळ