आई, तुझा हात बिघडलेला नाही

बडोदा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "आता माझा हातच बिघडला. यंदा नानकटाई विकतच आणू." बाबा म्हणाले, ओव्हन भंगारात देऊन टाकतो. मला दोन्ही पटलेलं नाही. फोनवर अर्धं ऐकू येतं आणि अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आई, तू पाठवलेला फोटो मी मोठा करून नीट पाहिला. त्यात एक नानकटाई तू उलटी ठेवली आहेस, तिच्यातच सगळं कळतं. बाकीच्या वरून छान बदामी झाल्यात, कडा गोल आहेत, मधोमध बारीक भेगा आहेत. उलटी ठेवलेली मात्र पांढरीफटक, तुझं बोट लागलं तिथे खळगा पडलाय आणि खालच्या कागदावर तुपाचा ओला डाग. आता तूच सांग. तूप जास्त झालं असतं तर ती पसरून चपटी झाली असती. मैदा जास्त पडला असता तर मोठाल्या भेगा गेल्या असत्या. फेसणं कमी पडलं असतं तर दडस झाली असती. यातलं काहीच झालेलं नाही. तुझं पीठ नेहमीसारखंच जमलंय. वरून भाजली आणि खालून कच्ची राहिली, म्हणजे खालून तिला आच मिळालीच नाही. दोष हाताचा नाही, बहुतेक खालच्या रॉडचा आहे.

लहानपणी तू पीठ डब्यात भरून बेकरीत भाजायला न्यायचीस, तेव्हाही भट्टीवाला घाई करायचा आणि एखादा ट्रे असाच यायचा. तेव्हा तू भट्टीला बोल लावायचीस, स्वतःला नाही. आताही तसंच कर.

आता बाबांसाठी. आपल्यासारख्या ओव्हनमध्ये वर दोन आणि खाली दोन रॉड असतात. आत नायक्रोमची तार, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली आणि बाहेरून धातूची नळी. पुष्कळ घरगुती ओव्हनमध्ये खालचे दोन्ही रॉड सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाची तार तुटली की दोन्ही थंड. वरचे तापतात, दिवा लागतो, टायमर टिकटिकतो, त्यामुळे ओव्हन चालू आहे असंच वाटतं.

पण कोणाला बोलावण्याआधी तळाचा ट्रे ओढून पाहा. तिथे किंवा जाळीवर स्वच्छतेसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरली असेल तर आधी ती काढा. फॉइलमुळे खालची आच अडते, आणि ती रॉडला टेकली तर धोकाही आहे. नानकटाईचा ट्रे भिंतींना चिकटून बसत नाही ना, तेही बघा. चारही बाजूंनी बोटभर जागा हवी, नाहीतर हवा फिरत नाही.

ते सगळं ठीक असेल तर रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवा. ओव्हन पूर्ण थंड असताना मोठं बटण वर-खाली दोन्हीवर, तापमान 200 वर आणि टायमर 10 मिनिटांवर ठेवा. दार बंदच ठेवून काचेतून बघत राहा. काही मिनिटांत चालू असलेले रॉड मंद लाल दिसायला लागतात. हे सुरुवातीलाच बघायचं, कारण आतलं तापमान ठरवलेल्या आकड्यावर पोचलं की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करतो. तो बिघाड नव्हे, त्याचं कामच ते. वरचे लाल आणि खालचे काळे असं दिसलं तर एक तर रॉड गेलाय, नाहीतर बटणाच्या आतला स्विच, नाहीतर रॉडच्या टोकाला वायर जोडणारा लग सैल होऊन जळलाय. हे तिन्ही दुरुस्त होतात. रॉड काही शे रुपयांत मिळतो, त्यासाठी चांगला ओव्हन कशाला टाकायचा?

बाबा, इथून पुढे मात्र माझं ऐका. वागळे इस्टेटमध्ये तुम्ही आयुष्यभर मेंटेनन्स केलंत. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावल्याशिवाय मोटरला सप्लाय न देणारे तुम्ही, तुम्हाला मी काय शिकवणार! पण तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि ओव्हनच्या मागच्या पत्र्याच्या कडा फार धारदार असतात. तुम्ही तो उघडू नका आणि ओट्यावरून उचलूही नका. वायरमनला घरी बोलवा, शेजारी खुर्ची टाकून बसा आणि त्याच्याकडून काम करून घ्या. त्याला आधी प्लग काढायला लावा, मग मल्टिमीटरने रॉड तपासू दे. नवा रॉड जुन्याच्याच लांबीचा, वॉटचा आणि व्होल्टेजचा हवा. आतली वायर बदलली तर उष्णता सोसणारी, फायबर ग्लासच्या आवरणाची लावायला सांगा. साधी पीव्हीसी वायर आत वितळते.

तो आलाच आहे तर प्लगचंही बघून घ्या. तुम्ही ओव्हनला कन्व्हर्जन प्लग लावून सहा अँपिअरच्या पॉइंटवर चालवता, हे मला मागेच खटकलं होतं. आपला ओव्हन 1500 वॉटचा. 230 व्होल्टला तो साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे त्या पॉइंटच्या मर्यादेबाहेर. तिथे पिन तापते, काळी पडते आणि ओव्हनपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर आच जवळजवळ पाऊणच राहते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. नानकटाई वरून नीट भाजली, म्हणजे आजचं दुखणं हे नाही, पण आग लागायला एवढं पुरतं. गीझरसारखा सोळा अँपिअरचा पॉइंट ओट्यावर काढून घ्या. पैसे मी पाठवतो, त्यावर वाद नको.

गणपतीनंतर पहिल्यांदा ओव्हन लावला तेव्हा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडला, असं आई मध्येच बोलून गेली. ठाण्याच्या पावसात महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या ओव्हनला हे होतं. रॉडच्या टोकांतून ती भुकटी दमटपणा ओढून घेते आणि थोडा करंट बॉडीवर गळतो. ईएलसीबी पडला म्हणजे त्याने तुम्हाला वाचवलं. तो पुन्हा पडला तर वर करून रेटायचं नाही, बायपास तर कोणी सुचवला तरी करायचा नाही. वायरमनकडे मेगर असेल तर चारही रॉडचं इन्सुलेशन बघायला सांगा, आणि अर्थिंगही तपासून घ्या. ओव्हनला हात लावताना आईचे हात ओले असतात, माझा जीव तिथेच अडकतो.

आई, ओव्हन दुरुस्त झाला की लगेच मोठा घाणा घालू नकोस. पत्राबरोबर ओव्हनचा थर्मामीटर पाठवलाय, तो मधल्या जाळीवर ठेव. 170 लावून वीस मिनिटं जाऊ दे आणि मग काचेतूनच दोन-चारदा बघ. काटा थोडा वर-खाली होणारच, साधारण मधला आकडा धर. तो 150 दाखवत असेल तर बटण तेवढं पुढे ठेवायचं, एवढंच. काट्यावर विश्वास बसेना तर साखरेने बघ. साखर साधारण 186 अंशांना वितळते. छोट्या स्टीलच्या ताटलीत चमचाभर साखर पसरून तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेव. 170 वर ती दाणेदारच राहायला हवी, 200 वर वितळायला हवी. ताटली काढताना जाड फडकं घे, वितळलेली साखर फार भाजते.

तोवर नानकटाई अडून राहायचं कारण नाही. जाड बुडाच्या कढईत मीठ पसर, वर रिंग ठेव, झाकण घालून दहा मिनिटं मंद आचेवर तापव आणि ताटलीत पाच-सहाच ठेवून भाज. आच खालून मिळते, त्यामुळे तळ खरपूस होईल, वरचा रंग फिकट राहील. चवीला काही कमी पडणार नाही. छोटी रोज विचारते, आजीचा डबा कधी येणार.

बाबा, ओव्हनच्या मागच्या पाटीचा फोटो मला पाठवा, वॉट आणि मॉडेल नंबर स्पष्ट दिसेल असा. तिथे रॉड मिळाला नाही तर मी इथून बघून पाठवतो. शनिवारी संध्याकाळी फोन करतो, तोवर वायरमनची वेळ ठरवून ठेवा.

हिचा दोघांना नमस्कार, छोटीचा पापा.

तुमचा,
बंडू