यादीतलं काय राहिलं, काय खोडलं

पुणे, मंगळवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. रीफ टँकला, म्हणजे कोरल आणि मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, परवानगी आहे. यादीवर मात्र लाल पेन चाललंय. जे खोडलं ते का खोडलं हे लिहूनच देते, म्हणजे उद्या कोण काय म्हणालं होतं यावरून वाद नको.

टँक चार फुटी नाही, दोन फुटी घ्यायचा: 60 × 45 × 45 सेंटिमीटर, 10 मिलिमीटर काच. खडक आणि वाळू गेल्यावर आत जेमतेम 100 लिटर पाणी मावतं. तरी पाणी, 30 किलो काच, 12 किलो खडक, 8 किलो वाळू आणि स्टँड धरून वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं, म्हणून गॅलरी बाद. हॉलमध्ये भिंतीला लागून, बीमच्या जवळ. पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको, मे महिन्यात तिथलं ऊन थेट पाण्यात उतरेल. यापेक्षा लहान टँक तू मागितला असतास तर तोही खोडला असता. पाणी जितकं कमी तितकी चूक लवकर अंगाशी येते.

आता यादीतले प्राणी. ॲक्रोपोरा, हॅमर, ब्रेन हे तिन्ही खोडले. ही सगळी दगडी कोरल. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या शेड्यूल 1 मध्ये सगळी दगडी कोरल आहेत, शिवाय काळी कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही. म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. दुकानदार ‘सगळेच ठेवतात’ म्हणेल, म्हणू दे. समुद्रघोडाही संरक्षित आहे, तो विषयच नको. ब्लू टँगला पोहायला सहा फुटी टँक लागतो. मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जलजीव टिपत हिंडतो आणि नव्या टँकमध्ये ते नसतात, त्यामुळे तो डोळ्यांदेखत उपाशी मरतो. ॲनिमोन (समुद्रफूल) जागा सोडून फिरतो, पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, जाळीत ओढला जातो आणि मेला की एका रात्रीत पाणी नासवतो. क्लाउनफिशला त्याच्यावाचून काही अडत नाही.

उरलं ते पुष्कळ आहे: मशरूम, झोआन्थिड, लेदर, झेनिया ही मऊ कोरल. नुसत्या मऊ कोरलांचा टँक कमअस्सल असतो असं मानणारे भेटतील तुला. नीट वाढलेला लेदर त्यांनी बघितलेला नसतो. झेनिया मात्र वेगळ्या खडकावर, मुख्य रचनेपासून दूर, नाहीतर वर्षभरात टँकभर तीच दिसेल.

झोआन्थिडबद्दल आता नीट वाच. काही झोआन्थिडांमध्ये, विशेषतः तपकिरी जाड पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआमधून ते वेगळं काढलं गेलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक आहे. कोरल नुसतं टँकमध्ये असल्याने काही होत नाही. ते कापलं, खरवडलं किंवा गरम केलं की धोका सुरू होतो. म्हणून झोआन्थिड लागलेला खडक उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचा नाही. त्या वाफेने सगळं घर आडवं होऊ शकतं. हाताला जखम असताना टँकमध्ये हात घालायचा नाही. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, अगदी दोन मिनिटांचं काम असलं तरी. फ्रॅग, म्हणजे कोरलाचा लावायचा तुकडा, कापायचं काम माझ्यासमोरच होईल. तोंडात धातूची चव, ताप, धाप, डोळ्यांची आग यातलं काहीही जाणवलं तर ‘बघू सकाळी’ नाही, लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगायचा. तो त्यांच्या रोजच्या ऐकण्यातला नसतो.

पाणी. आपल्या स्वयंपाकघरातलं आरओ चालणार नाही. पिण्याच्या फिल्टरला चव आणण्यासाठी टीडीएस ॲडजस्टर असतो, तो कच्चं पाणी परत मिसळतो. आपल्याला टीडीएस (पाण्यातले विरघळलेले क्षार) 0 हवा, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लागेल. नळाला पाणी नसलं की सोसायटी बोअर किंवा टँकरवर जाते, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातलं पाणी क्षारांबरोबर सिलिकाही आणतं. रेझिन संपत आलं की सिलिकाच आधी निसटतो, मग वाळूवर डायटम नावाचं तपकिरी शेवाळ चढतं आणि माणूस उगाच दिव्याला दोष देतो. मीटरवर 1 दिसला की रेझिन बदलायचं. गुरुवारी पाणी बंद असण्याचा पुण्याचा शिरस्ता तुला माहीतच आहे, म्हणून वीस लिटरचे तीन कॅन कायम भरलेले. आरओचं वाया जाणारं पाणी मोरीत सोडायचं नाही, लादी पुसायला घ्यायचं.

टँकसाठीचं समुद्री मीठ लिटरला साधारण 36 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला साडेतीन-पावणेचार किलो. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही; तसं केलं की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा चुरा तळाला बसतो. पॉवरहेड लावून रात्रभर फिरू दे. क्षारता हजारी 35 हवी. ती रिफ्रॅक्टोमीटरने मोजायची, आणि तो 35 च्याच प्रमाणित द्रावणावर लावून घ्यायचा. कोकणातून समुद्राचं पाणी आणायची कल्पना प्रेमळ आहे, पण नको. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ असतो, पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळलेलं असतं, आणि त्यातून काय काय घरी येईल याचा नेम नाही.

आता ज्यात बहुतेक नवशिके फसतात ते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. मे महिन्यात पंखा लावलास की रोज दोन लिटर सहज उडतील. तीन दिवस भर घातली नाहीस तर शंभरातले सहा लिटर गेले, आणि 35 चे 37 झाले. चौथ्या दिवशी लक्षात आल्यावर घाबरून सहा लिटर एकदम ओतलेस तर तो दुसरा धक्का. म्हणून उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ हवाच. यादीत तू तो ‘नंतर’ या खाली लिहिलायस, मी वर घेतलाय. त्याच्या डब्यात नुसतं आरओ-डीआय पाणी, मिठाचं नाही. डबा दहा लिटरचाच ठेव, सेन्सर अडकला तरी त्याहून जास्त पाणी जाणार नाही.

चिलर खोडला. पुण्याचा उन्हाळा कोरडा आहे, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला साधा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत हे तितकं जमत नाही. पावसाळ्यात पंख्याचा जोर कमी होतो, पण तेव्हा गरजही कमी असते. पाणी 25–26 अंशांवर हवं. 29 च्या वर काही दिवस राहिलं तर कोरलांच्या पेशींतली शैवालं निघून जायला लागतात आणि कोरल पांढरी पडतात. पंख्याने भागलं नाही तर तेव्हा चिलर बघू. थंडीसाठी 100 वॉटचा हीटर, तोही वेगळ्या कंट्रोलरवर. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट बिघडला की बरेचदा चालू स्थितीतच अडकतो आणि रस्सा करून ठेवतो.

विजेची प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे थेंब झोळातून खाली पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. त्या सॉकेटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असल्याशिवाय टँकमध्ये थेंबही पडणार नाही. इलेक्ट्रिशियनला मी बोलावते. देखभालीच्या नावाखाली वीज जाते तेव्हा पहिली बोंब ऑक्सिजनची होते. 26 अंशांच्या खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याच्या मानाने ऑक्सिजन जवळजवळ एक पंचमांश कमी मावतो. इन्व्हर्टरवर फक्त एक छोटा डीसी पॉवरहेड जोडायचा. दिवा दिवसभर बंद राहिला तरी कोरलांचं काही बिघडत नाही.

टँक भरला की सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वसवणं. कोरडा खडक, बाटलीतले जिवाणू आणि 2 पीपीएम अमोनिया. अमोनियासाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड घ्यायचं, बाजारातला नवसागर नाही. 100 लिटरला लागतं सुमारे 0.6 ग्रॅम, आणि आपल्या स्वयंपाकाच्या काट्यावर ते मोजता येणार नाही. 6 ग्रॅम एक लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळव आणि त्यातलं 100 मिलिलिटर घाल. दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपास. घातलेला डोस 24 तासांत दोन्हींत शून्यावर आला की सायकल झाली. याला तीन ते सहा आठवडे जातात. या काळात दिवा बंद, नाहीतर शेवाळाची शेती होईल.

मग क्लाउनफिशची जोडी, हॅचरीतली. एक मोठा, एक लहान घे. मोठा मादी होतो. दोघं आधी 40 लिटरच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसीचे एल्बो. तिथे 30 दिवस तांब्याचं औषध, बाटलीवरच्या पातळीला आणि रोज टेस्ट करून. क्रेटमधली जाळी, पाइप, काहीही मुख्य टँकमध्ये जायचं नाही. तांबं कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. हा महिना वाचवलास आणि माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टँकमध्ये शिरला, तर मासे बाहेर काढून टँक 76 दिवस माशांविना ठेवावा लागतो.

कोरल सगळ्यात शेवटी. दिवा 40 टक्क्यांवर, आठ तास. मशरूम तळाशी, लेदर वर. कोरल चिकटवलेल्या चकतीवर, म्हणजे प्लगवर, काचेसारखं इवलं ॲनिमोन दिसलं तर ते ऐप्टेशिया, प्लगच फेकून दे. लेदर अधूनमधून चार-आठ दिवस मिटून बसेल आणि त्याच्यावर मेणासारखी चकचकीत साय येईल. ती कात आहे, आजार नाही. जरा प्रवाह वाढव आणि हात लावू नकोस.

दर रविवारी 10 लिटर पाणी बदलायचं, म्हणजे 360 ग्रॅम मीठ. एवढ्यावर कॅल्शियम आणि केएच (पाण्यातलं कार्बोनेट) भागतं, त्यामुळे ते आपोआप घालणारा डोसिंग पंप खोडला. नायट्रेट शून्य करायच्या मागे लागू नकोस. 5 ते 10 पीपीएम बरं. पाणी फार स्वच्छ झालं की डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव येतात, आणि त्यांच्यापेक्षा हिरवं शेवाळ परवडलं.

घरातल्यांनाही नियम आहेत. त्या खोलीत डासांचा स्प्रे नाही, धूप नाही. महापालिकेची धूरफवारणी आली की खिडक्या बंद आणि हवेचा पंप बंद, कारण त्या औषधाने कोळंबी पटकन मरतात. आजीला मी सांगते.

शनिवारी बोहरी आळीतून कॅन आणि क्रेट आणू. टेस्ट किट, रिफ्रॅक्टोमीटर आणि कंट्रोलर पुढच्या महिन्यात. माशांच्या दुकानात तोपर्यंत नुसतं बघायलाही जायचं नाही.

तुझी,
आई

ता. क. पावती नसलेलं कोरल मैत्रिणीने फुकट दिलं तरी घरात येणार नाही. आधी मला फोटो पाठव.