एकादशीचा उपास आणि शुगरची गोळी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढीच्या आदल्या दिवशी तुमच्या पेपरात उपासाच्या पदार्थांचं पान आलं होतं. आमच्या आईने ते कापून ठेवलंय. त्याच एकादशीला दुपारी आईला हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली म्हणून हे पत्र लिहितेय, श्रावण तोंडावर आलाय आणि घरोघरी शुगरची गोळी घेऊन उपास करणारी माणसं आहेत.

आई ७१ वर्षांची, शुगर १४ वर्षांपासून. एकादशी तिने कधी सोडली नाही आणि गोळीही कधी चुकवली नाही. त्या दिवशी सकाळी आठला नेहमीसारखी गोळी घेतली, वर बिनसाखरेचा चहा, आणि बसली पोथी घेऊन. खिचडी दुपारी खाईन म्हणाली. साडेबाराला मी हाक मारली तर पलंगावर आडवी, मला वाटलं पहाटे उठलीय म्हणून डोळा लागला असेल. पण जवळ गेले तर पंखा चालू असून ब्लाउज घामाने ओलाचिंब, हात गार, आणि मी "आई, काय होतंय" विचारलं तर माझ्याकडे बघून "दिंडी आली का" एवढंच परत परत म्हणत होती. बोट टोचून मशीनवर बघितलं तर ४८. सत्तरच्या खाली गेली की लो धरतात, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर.

शेजारच्या काकू धावत आल्या, साखरेचं पाणी केलं, आई घोट घोट प्यायली. पंधरा मिनिटांनी ५१. परत पाजलं, ५५. साखर पोटात जातेय आणि आकडा हलत नाही, तो अर्धा तास मी विसरू शकत नाही. शेवटी रिक्षात घालून नेलं, शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा कुठे ती नीट बोलायला लागली.

तिथल्या डॉक्टरांनी गोळीची स्ट्रिप मागितली आणि मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. आम्ही जिला इतकी वर्षं एक गोळी समजत होतो त्यात तीन औषधं होती, ग्लिमेपिराईड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. मेटफॉर्मिन एकटं असेल तर शुगर सहसा फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. म्हणून ती गोळी नाश्त्याबरोबर किंवा पहिल्या जेवणाबरोबर घ्यायची असते, उपाशी पोटी घेतली की ती आपलं काम करतच राहते. आणि व्होग्लिबोज आतड्यात साखर फुटू देत नाही, हळू करतं. आपली घरातली साखर फुटल्याशिवाय रक्तात जात नाही, म्हणून आईला साखरेचं पाणी लवकर लागू पडलं नाही. अशा पेशंटला साधी ग्लुकोजची पावडर द्यायची, तीनचार चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा, आणि वर आली की काहीतरी खायला द्यायचं. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट हॉस्पिटल. हे १४ वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारलं नाही.

मग एवढी वर्षं एकादशी झाली तेव्हा काही का झालं नाही? तर जुनी रिकामी स्ट्रिप सापडली, तिच्यावर नावापुढे १ होता, या महिन्याच्या स्ट्रिपवर २. मेडिकलमध्ये १ ची शिल्लक नव्हती, "तीच कंपनी आहे, चालतंय" म्हणून २ ची हातात दिली आणि मी ती घेऊन आले. तो आकडा ग्लिमेपिराईडचे मिलिग्रॅम होता, म्हणजे डोस डबल. त्यात आईचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, किडनी कमजोर असली की हे औषध शरीरात जास्त रेंगाळतं, म्हणून शुगर नॉर्मल येऊनसुद्धा रात्रभर ठेवून घेतलं. ग्लुकोजने वर आलेली शुगर काही तासांनी परत घसरू शकते, त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून घरी पळायचं नाही. अजून एक, आईला बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, त्याने शुगर लो झाल्यावरची धडधड दबते, पण घाम मात्र येतो. तो घाम मी उकाड्याचा समजले असते तर...

या सगळ्यानंतर आई म्हणते गोळ्याच नकोत, कारल्याचा रस पिते. हेही तितकंच चुकीचं आहे, गोळ्या बंद केल्या तर शुगर चढणार आणि डोळे, किडनी, पाय यांच्यावर जाणार. गोळी वाईट नाहीये. मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणानंतर घेतलं की बरंच कमी होतं, वर्षानुवर्षं घेतलं तर बी१२ कमी होऊ शकतं, पायाला मुंग्या आल्या तर तपासून घ्यावं, एवढं माहीत असलं की निभावतं.

उपासाचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा, गोळी घ्यायची का, किती, कधी. हे प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणून आईचा डोस इथे लिहीत नाही. संकष्टीला तर जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊ होतात, आणि गोळी सकाळी पोटात गेलेली असते.

मेडिकलवाल्यांना हात जोडून विनंती, चिठ्ठीवर जो आकडा आहे तोच द्या, नसेल तर नाही म्हणा, आम्ही दुसरीकडे जाऊ. आणि तुम्हाला विनंती, श्रावणातलं उपासाचं पान छापाल तेव्हा साबुदाणा वड्याच्या शेजारी चार ओळींची चौकट टाका, शुगरची गोळी चालू असणाऱ्यांनी उपासाआधी डॉक्टरांशी बोला आणि घरात ग्लुकोजची पावडर ठेवा म्हणून. आई ते पान कापून ठेवते, तिच्यासारख्या खूप जणी ठेवत असतील.

आपली,
एक वाचक, सातारा