डॉक्टर मॅडम, चंद्री चरायला जाते

मॅडम, नमस्कार.

गेल्या श्रावणात, रविवार असूनही तुम्ही हिंगण्यापुढचा चिखल तुडवत आमच्या गोठ्यापर्यंत आलात. आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले.

आमची शेळी चंद्री मागचे पाय फाकवून चालत होती, तिच्या पाटीला, म्हणजे मादी करडाला, प्यायला देत नव्हती. डाव्या सडातून पिवळं पाणी आणि गुठळ्या. सासूबाई म्हणाल्या नजर लागली, हळद-चुना लावला. दुकानातून आणून एक सुई टोचली, जरा बरी दिसली म्हणून पुढच्या सुया दिल्याच नाहीत. चूक आमचीच.

तुम्ही माझा हात धरून कासेवर ठेवला. वर चटका बसेल इतकी गरम, सडाजवळ थंडगार, कातडी निळी पडलेली. "वैनी, ही बाजू गेली. आता शेळी वाचवू." खोटा धीर दिला नाहीत, हे मला सगळ्यात मोठं वाटलं. काळा भाग पुढे गळून पडला, पण चंद्री जगली.

मग त्या अंगठ्याचं. आईनं शिकवलं तशी मी अंगठा मुडपूनच धार काढायची. त्यानं सड आतून दुखावतो, हे चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याच बोटावर तुम्ही मूठ मिटून दाखवलीत, वरून खाली एकेक बोट. आता जुन्या छत्रीचं काळं कापड वाटीवर ताणून पहिल्या धारा त्यावर सोडते, कण लगेच दिसतात. शेवटी सड आयोडीन-ग्लिसरीनमध्ये बुडवते आणि पुढ्यात चारा टाकते, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत शेळी बसत नाही. आजारी शेळीची धार सगळ्यात शेवटी.

दूध तपासायच्या त्या जांभळ्या औषधात दूध जरासं घट्ट झालं की कासेचा आजार परत आला म्हणून मी घाबरायची. शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त, म्हणून ते थोडं घट्ट होतंच, दोन्ही सडांचं दूध शेजारी ठेवून बघा, असं तुम्ही म्हणालात. तेव्हापासून झोप लागते.

डेंग्यूच्या दिवसांत शहरातून लोक शेळीचं दूध मागत येतात. त्यानं प्लेटलेट वाढतात की नाही, देव जाणे. पण सुया चालू असताना आणि नंतर तुम्ही सांगितलेले दिवस दूध खड्ड्यात ओतलं, एकालाही दिलं नाही.

चंद्रीची पाट आता गाभण आहे. व्यायच्या आधी एकदा चक्कर टाका. शेळीच्या दुधाचा चहा तुम्हाला चालत नाही, ठाऊक आहे. गाईचं आणून ठेवते.

तुमची,
हिंगण्याकडची वैनी