चालता संगणक भंगारात काढण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांच्या संगणकावर विंडोज ११ चढत नाही त्यांनी सरळ नवा संगणक घ्यावा, असा सल्ला आपल्या दैनिकातील लेखात वाचला. मी घरून मुद्रितशोधन आणि पुस्तकांच्या पानांची मांडणी करते. माझ्या कामाचा लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीबाहेरचा आहे, आणि त्यावर विंडोज ११ रोज चालते. ओळखीपाळखीच्यांचे संगणकही मी असेच मार्गी लावून देते. त्यामुळे तो सल्ला मला फार घाईचा वाटला. तसेच ‘काही नाही, एक पेनड्राइव्ह लावा, झाले’ असे सांगणारेही अर्धेच सांगतात. दोन्हींविषयी लिहायचे आहे.

‘आपला संगणक पात्र नाही’ असा निरोप आला म्हणजे संगणक जुना झाला, असे लोक धरून चालतात. पुष्कळदा तसे नसते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, म्हणजे कुलुपाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारा भाग. तो वेगळी चिप म्हणून असतो किंवा प्रोसेसरच्या आतच असतो, आणि आतला असेल तर कित्येक संगणकांत तो बंद करून ठेवलेला असतो. स्टार्टमध्ये ‘टीपीएम डॉट एमएससी’ असे इंग्रजीत टाइप केले की एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’ पुढे २.० दिसले तर हा प्रश्न मिटला. टीपीएम सापडतच नाही असे आले, तर संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावे. तिथे ‘टीपीएम’ हा शब्द शोधून बहुतेक लोक हात टेकतात, कारण इंटेलच्या यंत्रावर त्याचे नाव ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रावर ‘एफटीपीएम’ असते. ती ओळ कधी ‘सिक्युरिटी’त, कधी ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत दडलेली असते. ती चालू केली आणि तेवढीच अडचण होती, तर तोच संगणक पुढच्या तपासणीत अधिकृतपणे पात्र ठरतो. सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होतानाच खोटे सॉफ्टवेअर अडवणारी सोय, तिचेही तसेच. तिला डिस्कची मांडणी नव्या पद्धतीची (जीपीटी) लागते; ती जुन्या पद्धतीची (एमबीआर) असेल तर विंडोज १० मधलेच ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन एकही फाइल न पुसता ती बदलून देते. बॅकअप मात्र आधी घ्यावाच. आणि डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, बंद असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून जवळ ठेवावी. ती नसेल आणि संगणकाने मागितली, तर आतले सगळे गेले असे समजावे.

आता प्रोसेसरच्या यादीकडे येते. इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीचे रायझन २००० यांच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर वगळले आहेत. यामागे काहीच कारण नाही असे मी म्हणणार नाही. ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे एक संरक्षण आहे. त्यात बाहेरचा घातक कोड विंडोजच्या गाभ्यात शिरू नये म्हणून गाभ्यात चालणारा प्रत्येक कोड आधी तपासला जातो. हे काम नव्या प्रोसेसरमध्ये यंत्रपातळीवर होते. जुन्यांत ते सॉफ्टवेअरने ओढून आणावे लागते आणि वेग पडतो. पण ती सोय इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे! तरीही ती पिढी बाहेर, आणि तिच्यातला आय७-७८२०एचक्यू मात्र आत, कारण तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता. एखाद्याने २०१७ मध्ये नवाकोरा घेतलेला लॅपटॉप २०२१ मध्ये, अवघ्या चार वर्षांत, यादीबाहेर गेला. याचा मला खरोखर राग आहे.

यंत्र खरेच असमर्थ असणे आणि कंपनीने त्याची जबाबदारी न घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर दोन्हींसाठी सारखाच नकार येतो. विंडोज ११ ची २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातली) आवृत्ती प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या आज्ञा मागते. कोअर टू ड्युओ या इंटेलच्या फार जुन्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीत, म्हणून तिथे ती सुरूच होत नाही. कोणतीही युक्ती चालत नाही आणि कोणी करूही नये. सातव्या पिढीच्या यंत्राला मात्र ती सहज पेलते. टीपीएम १.२ असले तरी अपग्रेड करू देणारा रजिस्ट्रीतला (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतला) बदल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मदतपानावर दिला होता. नंतर तो तिथून काढून टाकला. रुफससारखी साधने इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवतानाच त्या तपासण्या वगळून देतात.

इथवर ऐकले की लोक खूश होतात, आणि पुढचे ऐकायला थांबत नाहीत. अशा संगणकाला अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दरमहाची सुरक्षा अपडेट्स माझ्या यंत्रावर येतात. वार्षिक नवी आवृत्ती मात्र अशा यंत्रावर आपणहून चढत नाही, आणि होम व प्रो यांच्या प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य दोन वर्षांचे असते. २३एच२ चे ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपले. म्हणजे कुणा भाच्याने किंवा मित्राने २०२४ च्या सुरुवातीला २३एच२ टाकून दिली असेल आणि त्यानंतर त्या यंत्राकडे कोणी पाहिले नसेल, तर ते आज बंद पडलेल्या विंडोज १० इतकेच उघडे आहे. विंडोज अपडेटच्या पानावर सगळे ठीक असल्याची हिरवी खूण दिसली म्हणून काही सिद्ध होत नाही. स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ असे इंग्रजीत लिहावे, आवृत्ती वाचावी आणि तिची मुदत तपासावी. नवी आवृत्ती हाताने चढवणे हे दरवर्षीचे काम आहे. ते करायला घरात कोणी नसेल, तर ही वाट मी सुचवत नाही. एकट्या राहणाऱ्या, बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर करणाऱ्या वयस्कर माणसांना तर मी स्पष्ट नाही म्हणते. त्यांच्यासाठी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना होती. घरगुती वापरासाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली, आणि सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवणाऱ्यांना ती फुकट होती. आपल्या लेखात तिचा उल्लेखही नव्हता.

जुन्या मॅकबद्दलही लोक विचारतात. ॲपलने वगळलेल्या मॅकवर नवे मॅकओएस चढवून देणारे ओपनकोअर लेगसी पॅचर हे स्वयंसेवकांचे काम थक्क करणारे आहे. पण २०२० च्या बिग सरपासून मॅकओएसचा मूळ भाग सीलबंद असतो. ॲपलने काढून टाकलेले ग्राफिक्सचे ड्रायव्हर परत घालायचे तर ते सील तोडावे लागते, संरक्षणाची पातळी खाली आणावी लागते, आणि अपडेटनंतर तो उद्योग पुन्हा करावा लागतो. दुसरा मॅक म्हणून, शिकण्यासाठी जरूर करावे. पैशाचे व्यवहार असलेल्या यंत्रावर मी करणार नाही. त्यात इंटेलच्या मॅकसाठी मॅकओएस टाहो हीच शेवटची आवृत्ती, असे ॲपलने सांगून टाकले आहे.

ज्यांचे काम ब्राउझर, पत्रे आणि हिशेब एवढेच आहे त्यांनी विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली घ्यावी. तिथे यादीबाहेर असण्याची भीती नाही आणि अपडेट्स हक्काची मिळतात. माझे मांडणीचे सॉफ्टवेअर तिथे चालत नाही, नाहीतर मीही तेच केले असते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा नव्या यंत्राआधी बायोसमधली ती एक ओळ आणि ‘विनव्हर’ची तपासणी वाचकांना सांगा. आणि संगणक विकतानाच त्याला कोणत्या सालाच्या कोणत्या महिन्यापर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतील हे खोक्यावर छापण्याचा आग्रह आपल्या स्तंभांतून धरा. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स ॲक्टने ही तारीख खरेदीच्या वेळी, महिना आणि वर्षासह, सांगणे बंधनकारक केले आहे. ते डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. त्याच कंपन्या तेच संगणक सगळ्या जगात विकतात. एका ठिकाणी छापता येणारी तारीख दुसरीकडे का छापता येऊ नये, हे त्यांना विचारायला हवे.

आपली नम्र,
एक मुद्रितशोधक वाचक