नाव कमी केल्याचं पत्र

कोलंबस, ओहायो
रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय. दादा प्रिंट काढून आणून देईल. आईनं वाचायचं आणि बाबांनी ऐकायचं, असं करा. उलटं केलंत तर बाबा मधली वाक्यं गाळतील, मला माहीत आहे.

फोनवर सांगायचं तीन वेळा ठरवलं. पहिल्या वेळी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दुसऱ्या वेळी गॅसवर दूध होतं. तिसऱ्या वेळी बाबांनी पेपरातली बातमी काढली, कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना पकडल्याची, आणि म्हणाले, "घटना आपल्या माणसांसाठी हाय. पावण्यानं पावण्यासारखं ऱ्हावं, हक्क कसलं मागतोय?" मी हो-हो केलं आणि फोन ठेवला. आदल्याच गुरुवारी मी इथल्या, अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती. बाबा, तुम्ही ज्या पावण्याला बोलत होता ती आता मीच आहे.

झालं लिहून. आई, इथं थांब, पाणी पी आणि मग पुढं वाच.

आपल्याकडं दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही. १९५५ च्या कायद्याचं कलम ९ तसं आहे. आपणहून दुसरीकडचं घेतलं की इकडचं त्याच क्षणी संपतं, त्याला वेगळा अर्ज लागत नाही. पासपोर्ट मात्र जमा करावा लागतो, तो 'रद्द' होऊन परत येतो. तो काढायला आपण एसटीनं पुण्याला गेलो होतो ते आठवतंय. बाबांनी रजा काढली होती आणि फोटोच्या मागं पेन्सिलनं माझं नाव लिहिलं होतं, दुसऱ्या कुणाच्या अर्जाला लागू नये म्हणून.

आई, तू रडणार हे मला माहीत आहे. लग्नानंतर बाबांनी रेशनकार्डावरून माझं नाव कमी करून आणलं त्या दुपारी तू रडली होतीस, आणि आज्जी म्हणाली होती, "परक्याचं धन, त्यात रडायचं काय?" नाव कमी झालं म्हणून मी त्या घरात यायची थांबले का? आंब्याच्या पेटीतली पहिली फोड तेव्हाही मलाच मिळाली, दादा अजून त्यावरून बोलतो.

आता कारण सांगते. बाबांचा खुबा मोडला तेव्हा मी आले आणि एकशे सत्तर दिवसांनी निघाले. निघाले तेव्हा बाबा वॉकर घेऊन फक्त न्हाणीघरापर्यंत जात होते, जिना अजून बंद होता. तुम्ही दोघांनी एका शब्दानं विचारलं नाही की अजून महिनाभर का थांबत नाहीस. मी दिवस मोजत होते, म्हणून. ग्रीन कार्डवाला सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिला की त्याचं इथलं वास्तव्य तुटलं असं धरतात, वर्ष झालं तर कार्डच अडचणीत येतं. २००९ ला फाइल लागली, २०२० च्या शेवटी कार्ड हातात आलं. ती अकरा वर्षं एका महिन्यासाठी घालवायची माझी हिंमत झाली नाही. ते मला माफ करा. त्यानंतर बाबा जिना चढले तो व्हिडिओ दादानं पाठवला, तो मी इथं गाडीत बसून बघितला.

आता तसं मोजावं लागणार नाही. इथला नागरिक दोन वर्षं कोल्हापुरात बसला तरी कुणी काही म्हणत नाही. आणि आपल्याकडून मला ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळेल, त्यावर आयुष्यभर कधीही या, कितीही राहा. नावात 'सिटिझन' आहे, पण नागरिक मी नसेन. मत देता येणार नाही, निवडणूक लढवता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. (वारसानं मिळू शकते. तरीही वळिवड्याचा तुकडा दादाच्याच नावावर करा, ऊस तोच लावतो. यावर पुन्हा चर्चा नको.) म्हणजे तुमच्याजवळ जास्त दिवस राहता यावं म्हणून मी परकी झाले. वाचायला विचित्र वाटतंय, लिहितानाही वाटलं. हे एकच कारण होतं असं मात्र म्हणत नाही. सईचं कॉलेज आहे, अमोलची नोकरी आहे, आणि गेल्या वर्षभरात इथं विमानतळावर अधिकाऱ्यासमोर उभं राहिलं की पोटात गोळा येतो तोही आहे.

बाबा, आता तुमच्याशी.

कपाटातलं संविधान काढा, पुठ्ठा निघालेलं ते. कलम १९ उघडा: 'सर्व नागरिकांस'. बोलायचं, जमायचं, संघटना काढायची, देशात कुठंही राहायचं, धंदा करायचा, हे नागरिकाचं. १५ आणि १६ सुद्धा नागरिकाचं. आता १४ बघा आणि २१ बघा. तिथं 'व्यक्ती' आहे. २० मध्ये व्यक्ती, २५ मध्येही सगळ्या व्यक्ती. लिहिणाऱ्यांना दोन्ही शब्द येत होते, कुठं कुठला घालायचा ते त्यांनी ठरवून घातलं. कोर्टातल्या स्टेनोला हे मी सांगायला नको. एका शब्दासाठी तुम्ही अख्खं पान पुन्हा टाइप करायचात आणि घरी यायला साडेआठ व्हायचे.

कलम २२ तर तुम्हाला पाठ असेल. अटकेचं कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. त्यातच पुढं लिहिलंय की हे शत्रुदेशाच्या माणसाला लागू नाही. परक्यांपैकी फक्त शत्रूला वगळलं, म्हणजे बाकीचे परके त्यात येतातच. नाहीतर अपवाद लिहायची गरज काय होती?

आणि तो नेपाळी गुरखा आठवा. तुम्हीच सांगितलेली गोष्ट आहे, मी सातवीत होते. चोरीच्या आरोपात उभा होता, मराठी येत नव्हतं, हिंदी अर्धीमुर्धी. तुम्ही म्हणाला होता, "साहेबांनी त्येला तू कुठला असं इचारलं न्हाई, वकील हाय का इचारलं." मग सरकारी खर्चानं वकील दिला, आणि तुम्ही डब्यातली एक भाकरी त्याला नेऊन दिलीत. आईला दुसऱ्या दिवसापासून दोन जास्त भाकऱ्या कराव्या लागल्या. तेव्हा तुम्ही म्हणाला नाहीत की पावण्यानं हक्क कसले मागायचे. वय झालं की माणूस पेपर जास्त वाचतो, त्याचा हा परिणाम आहे असं मी धरते.

सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल तुम्ही वाचला असेल. हावडा स्टेशनच्या यात्री निवासात बांगलादेशातून आलेल्या बाईवर अत्याचार झाला. ती आपल्या देशाची नाही, तिला भरपाई कशाची, असा मुद्दा तिथंही निघाला. कोर्टानं सांगितलं की कलम २१ व्यक्तीचं आहे, परदेशी बाईलाही ते लागू आहे, आणि हायकोर्टानं ठरवलेली दहा लाखांची भरपाई कायम ठेवली.

तुमच्या बाजूचंही मी मानते, म्हणजे तुम्ही म्हणाल पोरगी ऐकूनच घेत नाही. कुणाला देशात घ्यायचं आणि कुणाला किती दिवस ठेवायचं हे सरकार ठरवणार. १९५५ च्या हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात आणि १९९१ मध्ये त्या बेल्जियन मिशनऱ्याच्या खटल्यात कोर्टानं तेच सांगितलं. पंचेचाळीस-पन्नास वर्षं इथं काढली असली तरी परदेशी माणसाला भारतात राहायचा मूलभूत हक्क नाही, जगायचा आहे. मताचंही तसंच. मी इथं बसून कोल्हापूरचा आमदार का ठरवावा? ते गेलं ते बरोबरच गेलं. पण परत पाठवायचं तरी रीतीनं पाठवायचं, आधी त्याचं म्हणणं ऐकायचं. आणि माणूस खरंच परका आहे की नाही हे ऐकल्याशिवाय कळणार कसं? मला रस्त्यात कुणी हटकलं तर माझ्या कपाळावर कुठं लिहिलंय?

इथल्या परीक्षेत गंमत झाली. ऑक्टोबर २०२५ च्या आधी अर्ज केलेल्यांना जुनीच परीक्षा होती: शंभर प्रश्नांची यादी, त्यातले दहापर्यंत तोंडी विचारायचे, सहा बरोबर आले की पास. सई माझी उजळणी घ्यायची, अगदी तुम्ही माझी नागरिकशास्त्राची घ्यायचात तशी, पायावर पाय टाकून. यादीतला पन्नासावा प्रश्न: फक्त नागरिकांना असलेला एक हक्क सांगा. एक्कावन्नावा: इथं राहणाऱ्या प्रत्येकाला असलेले दोन हक्क सांगा. पन्नासाव्याची दोनच उत्तरं दिलीत, मतदान आणि निवडणुकीला उभं राहणं. एक्कावन्नाव्याला सहा. सई म्हणाली, "मग आई, एवढं सगळं आधीपासूनच होतं तर तू परीक्षा कशाला देतेयस?"

तिला काय सांगणार? कागदावर तिचं बरोबर आहे. १८८६ सालीच इथल्या कोर्टानं सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी धोब्यांच्या बाजूनं निकाल दिला. लाकडी इमारतीत धुलाई चालवायला परवाना लागायचा. दोनशेच्या वर चिन्यांचे अर्ज नामंजूर आणि बाकीच्या ऐंशीएक जणांना परवाने. चिनी माणसाला तेव्हा इथलं नागरिक होताच येत नव्हतं, तरी कोर्ट म्हणालं, समान वागणूक प्रत्येक व्यक्तीला. पण तोच कायदा त्या धोब्याला राहू देईल याची खात्री देत नव्हता. हक्क आहेत आणि राहायची शाश्वती नाही, अशा अवस्थेत माणूस हक्क वापरत नाही, गप्प बसतो. मी सतरा वर्षं गप्पच होते. शेजारच्या रस्त्याच्या साध्या सभेलासुद्धा गेले नाही.

शपथेच्या दिवशी हॉलच्या दारातच ग्रीन कार्ड काढून घेतात. प्रमाणपत्र शपथ झाल्यावर. मधला दीड तास खुर्चीवर बसायचं. माझ्या हातात कागदी झेंडा आणि गाडीची किल्ली, बाकी काही नाही. शेजारी सोमालियाची एक आजी होती, तिच्या नातीनं तिचे बूट नीट बांधून दिले. मला सारखी पर्स उघडून बघायची इच्छा होत होती. मग देशांची नावं घेतली, आपलं नाव आलं तशी मी उभी राहिले. गुडघे कापत होते, पण उभी राहिले.

आई, तेव्हा मला देव्हाऱ्याखालचा तो लाल फुलांचा टेबलक्लॉथ आठवला. वळिवड्याच्या निर्वासितांच्या कॅम्पमधल्या पोलिश बाईनं आज्जीला दिलेला. १९४३ ते ४८, पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, महायुद्धात पोलंडमधून रशियात हाकललेली. तेव्हा घटना नव्हती, भारताचं नागरिकत्व नव्हतं, संस्थान होतं. पणजोबा कॅम्पात दूध घालायचे. गल्लीतले म्हणायचे, त्या बायकांना मराठी येत नाही, थोडं पाणी घातलं तर कुणाला कळतंय. आणि पणजोबा म्हणायचे, "त्यास्नी बोलाय येत न्हाई म्हणूनच घालायचं न्हाई." आज्जी हे सांगताना हातानं माप भरून दाखवायची, काठोकाठ. बाबा, ही गोष्ट तुमच्या सासरची आहे म्हणून तुम्ही तिला किंमत देत नाही, पण आता द्या.

शिवाय तुमच्या त्या सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. उद्या मला कुणी विनाकारण उचललं तर परदेशी बाई म्हणून तिथंच रिट लावता येईल, मुंबई गाठायला नको. तुम्ही ओळखीच्या वकिलाला सांगालच, फी कमी करून घ्याल.

आता कामाचं. मी मेमध्ये येतेय, दिवाळी करूनच जाईन. कंपनीनं तिकडून काम करायला परवानगी दिलीय. तोवर न्हाणीघरात दोन स्टीलच्या दांड्या बसवून घ्या, एक कमोडजवळ, एक नळाच्या वर. 'येईल तो सुतार' असं म्हणू नका, दादा माणूस पाठवतोय. स्वयंपाकाच्या मावशींना पगारवाढ द्या आणि त्यांच्या मागं मागं ओट्यापाशी उभं राहणं बंद करा, आई. रक्तदाबाची गोळी सकाळचीच, जेवल्यावर आठवली म्हणून दुपारी घेऊ नका. रंकाळ्यावर फिरायला एकट्यानं जायचं नाही. आणि पावसाळ्याआधी कागदांची पिशवी माडीवर न्या; २०१९ ला पाणी शाहूपुरीत शिरल्यावर बाबा गुडघाभर पाण्यातून ती आणायला गेले होते, ते आता जमणार नाही.

बाबा, मतदार यादीत माझं नाव अजून असेल. नमुना ७ भरून ते कमी करून टाका. फॉर्म तुम्हीच भरा, तुमच्याइतका कुणी नीट भरत नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मेमध्ये बसून ठरवलं तरी चालेल.

आई, टेबलक्लॉथ धुवायला मशीनमध्ये घालू नकोस. मी आल्यावर धुते.

तुमची,
चिमी